चार सेंट, वीस रुपये आणि दहा हजार पावलं

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २८१ कर्मचाऱ्यांना एका प्रयोगात साधंच काम सांगितलं गेलं: रोज ७,००० पावलं चाला. सगळ्यांची वजनं प्रमाणापेक्षा जास्त होती. पावलं मोजायचं काम त्यांच्या स्मार्टफोनकडे होतं. कोण कोणत्या गटात, हे केवळ योगायोगावर सोडून त्यांचे चार गट पाडले गेले. पहिल्या गटाला लक्ष्य गाठलं की नाही एवढंच रोज कळवलं जाई. दुसऱ्या गटाला लक्ष्य गाठलेल्या प्रत्येक दिवसाचे १.४० डॉलर मिळत. तिसऱ्या गटाला लक्ष्य गाठल्यावर सोडतीत भाग घेता येई. त्यात शंभरात अठरा वेळा पाच डॉलर आणि एकदा पन्नास डॉलर लागण्याची शक्यता होती, म्हणजे सरासरी काढली तर तेही १.४० डॉलरच. चौथ्या गटाच्या नावावर महिन्याच्या सुरुवातीलाच ४२ डॉलर मांडले जात, आणि ज्या दिवशी लक्ष्य हुकेल त्या दिवशी त्यातले १.४० डॉलर वजा होत.

कागदावर तिन्ही गटांचा पैसा सारखाच होता. तेरा आठवडे झाल्यावर दिसलं ते असं: पैसे न मिळणाऱ्या गटाने शंभरातल्या ३० दिवशी लक्ष्य गाठलं, रोज कमावणाऱ्या गटाने ३५ दिवशी, सोडतवाल्यांनी ३६ दिवशी, आणि ज्यांच्या नावावरचे पैसे कापले जात होते त्यांनी ४५ दिवशी. मधल्या दोन गटांची आघाडी इतकी बारीक होती की ती योगायोगानेही पडू शकली असती. चौथ्या गटाबद्दल तसं म्हणता येत नाही. मितेश पटेल, केविन व्होल्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष २०१६ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात मांडले. आरोग्याच्या सवयींवर आजवर जे प्रयोग झाले, त्यांत मला हा सर्वांत बोलका वाटतो. पैसा तेवढाच राहिला, माणसं त्याच विद्यापीठातली. बदलली ती फक्त पैसे मांडायची रीत.

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवून दिलं होतं की मिळालेल्या शंभर रुपयांच्या आनंदापेक्षा गमावलेल्या शंभर रुपयांचं दुःख माणसाला कितीतरी जास्त बोचतं. चौथ्या गटातली माणसं बक्षीस मिळवायला चालत नव्हती, आपलं ठरलेलं राखायला चालत होती. दुसरी गोष्ट याहून जुनी आहे आणि प्रत्येकाच्या अनुभवाची आहे. चालण्याचा त्रास आत्ता होतो, फायदा वीस वर्षांनी होतो. सिगारेटचं सुख आत्ता मिळतं, नुकसान वीस वर्षांनी. मन दूरच्या गोष्टीचा भाव पाडतं. म्हणून ज्याला हे सगळं ठाऊक आहे असा डॉक्टरसुद्धा लिफ्टचं बटण दाबतो. रोजच्या लहान बक्षिसाचं काम एवढंच, की वीस वर्षांनंतरच्या फायद्याचा एक छोटासा तुकडा आज संध्याकाळीच हातात द्यायचा.

ही कल्पना फोनच्या आधीची आहे, आणि तिची कसोटीही फोनच्या आधीच लागली. जनरल इलेक्ट्रिक या कंपनीच्या ८७८ धूम्रपान करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर व्होल्प यांनी केलेला प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांना धूम्रपान सोडण्याची माहिती दिली. उरलेल्या अर्ध्यांना माहितीबरोबर ७५० डॉलरपर्यंतचं बक्षीस टप्प्याटप्प्याने देऊ केलं: १०० डॉलर शिकवणीचा कार्यक्रम पूर्ण करण्याचे, २५० सोडल्याचे आणि ४०० सोडलेलं पुढे टिकवल्याचे. खरंच सोडली का, हे शरीरातल्या कोटिनीन या निकोटीनपासून तयार होणाऱ्या द्रव्याच्या तपासणीतून ठरे. वर्षाच्या आसपास बक्षीसवाल्या गटातले १४.७ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटातले ५ टक्के. बक्षीस थांबून सहा महिने झाल्यावरही ९.४ विरुद्ध ३.६ टक्के असं अंतर होतं. पुढे कंपनीने हा कार्यक्रम सगळ्यांना लावायचं ठरवलं, तेव्हा कधीच न ओढणाऱ्यांनी हरकत घेतली: आम्ही कधी ओढली नाही, मग बक्षीस त्यांनाच का? कंपनीने शेवटी बक्षिसाऐवजी धूम्रपान करणाऱ्यांच्या विम्याच्या हप्त्यात ६२५ डॉलरची भर घातली. न्याय्य काय आणि परिणामकारक काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे या एका निर्णयात दिसतं.

मग नुकसानीची भीतीच जास्त चालते तर माणसाकडूनच अनामत का घेऊ नये? फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटावरच्या एका बँकेने, झेविएर जिने, डीन कार्लन आणि जोनाथन झिनमन या अर्थतज्ज्ञांबरोबर, नेमकं हेच केलं. धूम्रपान करणाऱ्याने सहा महिने स्वतःचे पैसे बिनव्याजी खात्यात भरायचे. सहा महिन्यांनी लघवीच्या तपासणीत निकोटीनचा अंश सापडला नाही तर पैसे परत, सापडला तर सगळे धर्मादाय संस्थेला. ज्यांना हे खातं देऊ केलं त्यांच्यातले सुमारे ११ टक्केच तयार झाले. तरीही, खातं देऊ केलेल्या सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तरी तपासणीत उत्तीर्ण होण्याचं प्रमाण इतरांहून तीन टक्क्यांनी जास्त निघालं, आणि वर्षभरानंतर अचानक घेतलेल्या तपासणीतही तो परिणाम टिकून होता.

२०१५ साली स्कॉट हॅल्पर्न यांनी सीव्हीएस या औषधविक्रेत्या कंपनीचे कर्मचारी आणि त्यांचे नातेवाईक-मित्र अशा २,५३८ धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हा पेच आणखी स्पष्ट केला. ८०० डॉलरचं निव्वळ बक्षीस ९० टक्के लोकांनी स्वीकारलं. दीडशे डॉलर आपले भरा, यशस्वी झालात तर ते परत आणि वर ६५० डॉलर, ही योजना १३.७ टक्क्यांनीच स्वीकारली. जे अनामतीला तयार होण्याजोगे होते त्यांच्यात अनामतच कितीतरी प्रभावी ठरली. पण बहुतेकांनी तिला हातच लावला नाही, म्हणून एकूण हिशेबात साधं बक्षीस जिंकलं. औषध जितकं कडू तितकं गुणकारी, आणि तितकेच कमी लोक ते पिणार. पेनसिल्व्हेनियातल्या चौथ्या गटाची युक्ती यावरचाच तोडगा होता: कापले जाणारे पैसे माणसाच्या खिशातले नव्हते, तरी ते त्याला आपलेच वाटले.

आता फोनकडे वळू, कारण त्याच्याशिवाय हे सगळं प्रयोगशाळेतच राहिलं असतं. रोजच्या वागण्यावर रोज बक्षीस द्यायचं तर दोन कामं जवळपास फुकट व्हावी लागतात, मोजणं आणि पैसे पोहोचवणं.

मोजण्याचं काम करणारा सेन्सर पाहण्यासारखा आहे. फोनच्या आत ॲक्सेलरोमीटर नावाची तांदळाच्या एखाद्या दाण्याएवढी चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा एक सूक्ष्म ठोकळा सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगांवर तोललेला असतो. फोन हलला की हा ठोकळा जडत्वामुळे किंचित मागे रेंगाळतो, त्याच्या आणि बाजूच्या स्थिर पट्ट्यांच्या मधलं अंतर बदलतं, त्याबरोबर तिथली विद्युत धारकता बदलते, आणि तो बदल वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे अशा तीन दिशांनी आकड्यांत नोंदला जातो. चालणाऱ्या माणसाच्या शरीराला लय असते, सेकंदाला साधारण दीड ते दोन पावलांची. बसचे धक्के किंवा हातातली चाळवाचाळव त्या लयीत बसत नाही. आकड्यांच्या ओघातून ती लय वेगळी काढणं म्हणजे पावलं मोजणं. २०१३ मध्ये ॲपलने आयफोन ५एसमध्ये हालचाल टिपणारी स्वतंत्र, अगदी थोडी वीज खाणारी चिप घातली, आणि त्याच वर्षी अँड्रॉइडच्या ४.४ या आवृत्तीने पावलं मोजणाऱ्या सेन्सरला थेट आधार दिला. तेव्हापासून बॅटरी न संपवता फोन दिवसभर मोजत राहू शकतो. विकत न घेतलेलं, वेगळं बाळगावं न लागणारं मोजयंत्र कोट्यवधी खिशांत आपोआप पोहोचलं.

(रोज दहा हजार पावलं हा सर्रास सांगितला जाणारा आकडा मात्र कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतरच्या वर्षी, १९६५ साली, जपानच्या यामासा कंपनीने पावलं मोजणारं यंत्र ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक, या नावाने विकायला काढलं आणि आकडा रूढ झाला. २०१९ साली आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६,७४१ अमेरिकी स्त्रियांची पावलं मोजली, तेव्हा दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं, आणि सुमारे ७,५०० नंतर फायदा वाढायचा थांबला. गुडघे दुखणाऱ्या कुठल्याही आजीला हे आवर्जून सांगायला हवं.)

दुसरं काम पैसे पोहोचवण्याचं. हे किती स्वस्त होऊ शकतं, हे कॅनडाने दाखवलं. २०१६ साली ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ‘कॅरट रिवॉर्ड्स’ हे ॲप सुरू झालं. सरकारने पैसे दिले, आणि बक्षीस म्हणून विमानप्रवास, सिनेमा, पेट्रोल, वाणसामान यांच्या प्रचलित योजनांचे गुण ठेवले. रोजचं लक्ष्य प्रत्येकाच्या स्वतःच्या आधीच्या चालण्यावरून ठरे, शेजाऱ्याच्या नाही. लक्ष्य गाठल्याचं बक्षीस होतं दिवसाला कॅनडाचे सुमारे चार सेंट. चार सेंटांचा धनादेश कुणी लिहिणार नाही. त्याला लागणारा कागदच त्याहून महाग. ब्रिटिश कोलंबिया आणि न्यूफाउंडलंड-लॅब्राडोर इथल्या ३२,२२९ जणांचा बारा आठवड्यांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरी वाढ दिवसाला ११५ पावलांची, म्हणजे नगण्यच निघाली. पण जे मुळात दिवसाला पाच हजार पावलांच्या आत होते आणि ॲप नेटाने वापरत राहिले, त्यांची वाढ हजार पावलांच्या वर गेली. सरासरीच्या आड जे दडलं होतं ते हे: ज्यांना गरज सर्वांत जास्त, चार सेंटांनी हलवलं त्यांनाच. पुढे हे ॲप दहा लाखांहून जास्त लोकांपर्यंत गेलं, आणि सरकारी पैसा आटल्यावर २०१९ च्या जूनमध्ये बंद पडलं.

सिंगापूरने याच कामाला राष्ट्रीय यंत्रणेचं रूप दिलं आहे. २०१५ पासून तिथलं आरोग्यसंवर्धन मंडळ चालण्याची राष्ट्रीय मोहीम चालवतं. ‘हेल्दी ३६५’ या ॲपमध्ये पावलांचे, व्यायामाचे आणि आरोग्यदायी पदार्थ निवडल्याचे गुण साठतात आणि खरेदीच्या व्हाउचरांत बदलून मिळतात. १५० गुणांचा साधारण एक सिंगापुरी डॉलर. २०२० मध्ये ॲपलबरोबर ‘ल्युमीहेल्थ’ हा कार्यक्रम आला, त्यात दोन वर्षांत ३८० डॉलरपर्यंत मिळवता येत होते. २०२३ पासून एका ठरावीक डॉक्टरकडे नाव नोंदवून पहिली भेट घेतली की त्याचेही गुण मिळू लागले.

दक्षिण आफ्रिकेची वाट खासगी विम्याची. डिस्कव्हरी या कंपनीने १९९७ सालापासून ‘व्हायटॅलिटी’ कार्यक्रम चालवला आहे. विमाधारक निरोगी राहिला तर कंपनीचाही खर्च वाचतो, ती बचत वाटून घ्यायची, हे त्यामागचं गणित. किराणा दुकानात फळं, भाज्या, कडधान्यं घेतली की २५ टक्क्यांपर्यंत पैसे परत. ही सवलत घेणाऱ्यांच्या खरेदीचा अभ्यास झाला तेव्हा एकूण किराण्यात आरोग्यदायी पदार्थांचा वाटा ९.३ टक्क्यांनी वाढलेला आणि अपायकारक पदार्थांचा ७.२ टक्क्यांनी घटलेला दिसला. याच कंपनीने आणखी एक योजना आणली: ॲपलचं घड्याळ जवळपास फुकट घ्या, व्यायाम कराल त्या महिन्यांचा हप्ता माफ, नाही कराल तर भरा. रँड युरोप या संस्थेने २०१८ साली ब्रिटन, अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चार लाखांहून जास्त लोकांची आकडेवारी तपासली. घड्याळाची ही योजना घेतलेल्यांची हालचाल ३४ टक्क्यांनी जास्त भरली, म्हणजे महिन्याला जवळपास पाच जादा दिवस. अर्थात घड्याळ घेणारे मुळातच उत्साही असण्याची शक्यता मोठी आणि अभ्यासामागे कंपनीच होती, त्यामुळे या आकड्याला मी पेनसिल्व्हेनियाच्या आकड्यांइतकं वजन देणार नाही.

चालण्यापलीकडे फोन आणखी एका भूमिकेत आला आहे, साक्षीदाराच्या. धूम्रपान करणाऱ्याच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड सापडतो आणि काही तासांतच तो निम्म्यावर येतो. त्यामुळे दिवसातून दोनदा फुंकर मारून तपासलं तर मधली सिगारेट लपत नाही. फ्लोरिडा विद्यापीठात जेसी डॅलरी यांनी २००५ च्या सुमारास लोकांना घरीच वेबकॅमसमोर मापकात फुंकर मारायला लावून इंटरनेटवरून व्हाउचर द्यायला सुरुवात केली. पुढे तेच काम फोनच्या कॅमेऱ्यावर आलं. एमआयटीत क्षयरोग्यांसाठी कागदी पट्ट्यांची एक योजना आखली गेली. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या लघवीचा थेंब पडला की औषधाच्या अंशामुळे पट्टीवर दडलेला सांकेतिक आकडा उमटतो, तो मेसेजने पाठवायचा आणि बोलण्याची मिनिटं मिळवायची. आपल्याकडे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातून निघालेल्या ‘९९ डॉट्स’ने बक्षीस वगळून तेवढीच देखणी युक्ती वापरली: गोळी पाकिटातून बाहेर काढल्यावरच तिच्यामागचा फोन क्रमांक दिसतो, त्यावर फुकट कॉल केला की गोळी घेतल्याची नोंद. मात्र रुग्णांच्या घरी अचानक जाऊन लघवी तपासली तेव्हा कळवलेल्या आणि घेतलेल्या गोळ्यांमध्ये बरंच अंतर आढळलं. पावलांचंही तसंच. चीनमध्ये फोन अडकवून झुलवत ठेवणारे पाळणे विकले गेले आहेत. ज्या मोजमापावर पैसा बसतो त्या मोजमापावर ताण येतो, आणि योजना आखणाऱ्याला पहिल्या दिवसापासून हे धरून चालावं लागतं.

सगळ्यात मोठा प्रश्न याहून वेगळा आहे: पैसे थांबल्यावर काय? सिंगापूरमध्ये १३ संस्थांतल्या ८०० कर्मचाऱ्यांवर एरिक फिंकेलस्टीन यांनी केलेला प्रयोग २०१६ साली ‘लॅन्सेट’च्या मधुमेहविषयक नियतकालिकात आला. सगळ्यांत जास्त व्यायाम रोख पैसे मिळणाऱ्या गटाने केला. सहा महिन्यांनी पैसे थांबवले, आणि वर्षअखेरीस तो फायदा उरला नाही. नुसतं पावलं मोजणारं यंत्र मिळालेले लोक तेव्हा जरा बऱ्या अवस्थेत होते. वजन, रक्तदाब यांत कोणाच्याच काही फरक पडला नाही. पेनसिल्व्हेनियाच्या त्या चौथ्या गटाची आघाडीही पैसे थांबल्यावर ओसरली होती. अमेरिकेतल्या ‘२४ अवर फिटनेस’ या व्यायामशाळांच्या ६१,२९३ सभासदांवर केटी मिल्कमन आणि अँजेला डकवर्थ यांनी एकाच वेळी चोपन्न वेगवेगळे कार्यक्रम तपासले. जवळपास निम्म्या कार्यक्रमांनी चार आठवड्यांच्या काळात जिममधल्या फेऱ्या वाढवल्या, पण नंतरही टिकला असा परिणाम जेमतेम ८ टक्के कार्यक्रमांचा. चोपन्नांत सर्वांत वर आलेला कार्यक्रम मोठ्या बक्षिसाचा नव्हता. ठरलेला दिवस चुकला, तर त्यानंतर परत येणाऱ्याला काही सेंटांचे जादा गुण, एवढंच त्यात होतं. एक खाडा पडला की ‘आता काय राहिलं’ म्हणून सगळंच सुटतं. त्या नेमक्या क्षणी दार उघडं ठेवल्याचा हा परिणाम.

हे सगळं वाचताना माझं मत असं बनलं आहे, की बक्षिसाची ताकद किती, हे ज्या कामासाठी ते द्यायचं त्या कामाच्या मुदतीवर ठरतं. चालणं आयुष्यभराचं आहे. पण आरोग्यातली कितीतरी कामं मुदतीची असतात, आणि तिथे ‘पुढे टिकेल का’ हा प्रश्न बराचसा गळून पडतो. ग्लासगोत ६१२ गरोदर धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्यांना नेहमीच्या मदतीखेरीज ४०० पौंडांपर्यंतची खरेदीची व्हाउचर देऊ केली. गरोदरपणाच्या अखेरीस त्यांच्यातल्या २२.५ टक्के सिगारेटपासून दूर होत्या, इतरांतल्या ८.६ टक्के. प्रसूतीनंतर त्यांतल्या काही पुन्हा ओढू लागल्या असं धरलं, तरी बाळाचे गर्भातले महिने वाचले ते वाचले. २०२३ साली इंग्लंडच्या सरकारने अशी व्हाउचर देशभर देण्याचं जाहीर केलं.

लसीकरणाचं याहून स्पष्ट. टोचलेली लस टोचलेली राहते. राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत सेवा मंदिर या संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग याच जातीचा. जिथे काहीच केलं नाही तिथे ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं. न चुकता शिबिर भरवलं तिथे १८ टक्के. आणि शिबिराबरोबर दर लशीला एक किलो डाळ, सगळ्या लशी पूर्ण झाल्यावर जेवणाच्या थाळ्या दिल्या तिथे ३९ टक्के. डाळ देऊनही एका मुलाच्या पूर्ण लसीकरणाचा खर्च निम्म्यावर आला, कारण त्याच परिचारिका आणि तेच शिबिर दुप्पट मुलांच्या कामी आलं. पुढे हरियाणाच्या सात जिल्ह्यांत डाळीच्या जागी मोबाइलचं रिचार्ज आलं, जोडीला आठवणीचे मेसेज आणि गावात बातमी पसरवण्यात पटाईत म्हणून गावकऱ्यांनीच नाव सुचवलेली माणसं. तिन्ही एकत्र वापरल्यावर लसीकरण ४४ टक्क्यांनी वाढलं. मात्र खर्चाच्या मानाने पाहिलं तर रिचार्ज वगळून, नुसते मेसेज आणि ती बोलकी माणसं, ही जोडी सरस ठरली.

चालणं आयुष्यभराचं, हे मान्य करूनही भारताला हा प्रश्न बाजूला ठेवता येणार नाही. पुरेसा व्यायाम न करणाऱ्या प्रौढांचं प्रमाण देशात २००० साली २२.३ टक्के होतं. २०२२ साली ते ४९.४ टक्क्यांवर गेल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी मांडला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत, आणि राज्यांत सर्वांत वरचा आकडा गोव्याचा, २६.४ टक्के. विमा नियामकाने २०२० मध्ये आरोग्यविम्यात निरोगी वागण्याबद्दल सवलती देण्याचे नियम आखून दिले. मुंबईतली आदित्य बिर्ला हेल्थ इन्शुरन्स ही कंपनी दक्षिण आफ्रिकी भागीदाराबरोबर उभी राहिली आणि चालत्या-फिरत्या ग्राहकांना हप्त्याचा काही भाग परत देते. पण ज्याच्याकडे विमाच नाही त्याला याचा काय उपयोग? इलिनॉय विद्यापीठातल्या जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांच्या प्रयोगात असं दिसलं होतं, की अशा कार्यक्रमात स्वतःहून येणारे मुळातच जास्त निरोगी आणि कमी खर्चिक असतात. म्हणजे काळजी घेतली नाही तर बक्षीस आधीच चालणाऱ्याला मिळतं, आणि त्याची किंमत न चालणारा मोजतो. शिवाय रोजच्या चालण्याची नोंद विमा कंपनीकडे जाते, ती कुठवर वापरली जाईल हे ग्राहकाला सही करताना कळायलाच हवं.

म्हणूनच कोइम्बतूरचा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. शिल्पा अगरवाल, रिबेका डायझन-रॉस आणि एरियल झुकर या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या तपासणी शिबिरांतून मधुमेह असलेले किंवा साखर वाढलेले सुमारे ३,२०० लोक निवडले. पावलं मोजायचा छोटा मापक दिला. स्मार्टफोनची गरज ठेवली नाही. रोज आपोआप येणाऱ्या कॉलवर आकडा सांगायचा, मापकातली नोंद नंतर ताडून पाहिली जाई. दहा हजार पावलं झाली की त्या दिवसाचं वीस रुपयांचं रिचार्ज. बारा आठवड्यांत रोजची पावलं सुमारे २० टक्क्यांनी वाढली, म्हणजे साधारण १३ मिनिटं झपाझप चालण्याइतकी, आणि तब्येतीतही सुधारणा दिसली.

त्यांचं खरं कौतुक पुढच्या पायरीसाठी. काही गटांना सांगितलं गेलं, की आठवड्यात किमान चार, काहींना किमान पाच दिवस लक्ष्य गाठाल तरच त्या आठवड्याचं रिचार्ज मिळेल. एकच दिवस चाललात तर त्या दिवसाचंही नाही. रोजच्या रोज पैसे हे उतावळ्या माणसासाठी सर्वांत चांगले, असा समज होता. इथे उलट दिसलं: आजचं काम उद्यावर ढकलणाऱ्या माणसांवर ही आठवड्याची अट जास्त चालली. सोमवारी चालताना शुक्रवारचं चालणं दूरचं, म्हणून सोपं वाटतं. आणि शुक्रवार उजाडतो तोवर आधीचे तीन दिवस पणाला लागलेले असतात. अर्धवट आठवड्यांचे पैसे वाचले आणि चालणं कमी झालं नाही.

एका माणसामागे बारा आठवड्यांचे जास्तीत जास्त १,६८० रुपये होतात, तेही तो एकही दिवस चुकला नाही तर. गोव्यात किंवा महाराष्ट्रात कुणी हे करायला घेतलं तर पैशांआधी इतर गोष्टी ठरवाव्या लागतील. घरात एकच फोन असेल आणि तो मुलाकडे असेल, तर आईचा आकडा कोण सांगणार आणि रिचार्ज कुणाच्या क्रमांकावर जाणार. मे महिन्यात विदर्भात लक्ष्य किती ठेवायचं. ज्यांचा दिवस शेतात उभ्यानेच जातो त्यांना यातून वगळायचं का. आणि पहाटे पाच वाजता बाईला एकटीने चालता येईल असा दिव्यांचा, कुत्र्यांच्या टोळ्या नसलेला रस्ता कोणत्या वॉर्डात आहे. आशा सेविकांना यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपापल्या वस्तीपुरती ठाऊक असतात.